देवाला सांगितलेलं लग्न

पडद्यावर आनंदीचं लग्न झालं ते सगळ्या गोव्याने बघितलं, आणि अजून बघतात. माझ्याशी झालं ते सर्वणच्या चार घरांनी बघितलं, आणि त्यांतली अर्धी माणसं आता नाहीत. म्हणून लिहायला बसलो. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो, पुढे ट्रकचं स्टिअरिंग हातात आलं ते सुटलंच नाही. त्यामुळे लिहिण्यात खड्डे असणार. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, आणि नाही घेतलं तरी मी लिहिणार आहे.

आनंदी माझ्या मामाची मुलगी. मामाचं गाव पेडण्याच्या बाजूला, कोलवाळचा पूल ओलांडून आत. आमचं घर डिचोलीजवळ सर्वणला, शेतात. माझा मामा भिकाजी, सगळ्यांचा भिकूमामा, दशावतारी नाटकात काम करायचा. आमच्याकडे त्याला काला म्हणतात. मामा कायम राक्षस. देह आडवा, डोळे मोठे, आवाज असा की बारकी पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची. जत्रांच्या दिवसांत तो गावोगावच्या देवळासमोर विष्णूच्या हातून मरायचा आणि उजाडल्यावर घरी यायचा, कानामागचा रंग तसाच. मामी पेजेचा वाडगा पुढे सरकवून म्हणायची, "बरो मेलंस मां? आता जेव." मामा मान डोलवून जेवायचा आणि दुपारपर्यंत घोरायचा. पावसाळ्यात नाटकं बंद, तेव्हा तो दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, नारळ सोलायचा.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. सकाळी पाव विकणारा पदेर सायकलचा भोंगा वाजवत यायचा, पों पों, आणि आनंदी आतूनच ओरडायची, "चार उंडे ठेय रे, करपलेले नाका!" तिचा आवाज बापाचा. जाडा, भरलेला. शेताच्या त्या टोकाला असलेली म्हैस ती या टोकावरून बोलावायची आणि म्हैस यायची. हसली की मामी म्हणायची, "हळू गो, कौलां उडतली." पेज जेवताना तिला हिरवी मिरची लागायची. मिठातल्या कैरीचा तुकडा एका बाजूला, भाजलेला सुका बांगडा दुसऱ्या बाजूला, आणि मिरची दातांनी कटकन तोडायची. मी सुट्टीला गेलो की मलाही तसंच जेवायला लावायची, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की खूश व्हायची. मामाची मुलगी म्हणजे आमच्यात करून घ्यायची रीतच आहे, तेव्हा लहानपणापासून बायका आम्हाला चिडवायच्या. त्यात काही विशेष नव्हतं. विशेष पुढे झालं.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. मराठी की कोंकणी, यावरून चहाच्या दुकानात माणसं टेबलावर मुठी आपटायची. रस्त्यावर झाडं आडवी टाकायची, आणि पाळी गावच्या खाणीवरून माल भरून निघालेले आमचे ट्रक नदीच्या धक्क्यापर्यंत पोचायचेच नाहीत. मी वीस-एकवीस वर्षांचा असेन. ट्रक मालकाचा, मी ड्रायव्हर. तोंड, केस, बनियन सगळं खाणीच्या मातीने लाल. मामाच्या गावात बहुतेक माणसं मराठीच्या बाजूची होती. शाळेत मराठी, भजनात मराठी, काल्यातही देव मराठीच बोलायचे. आणि त्याच गावात कोंकणी सिनेमा काढायला कंपनी आली. डायरेक्टर मुंबईचा. त्याला काल्यातला राक्षस पाहिजे होता म्हणून तो मामाकडे आला, आणि आनंदी ओसरीवर मासे कापत बसलेली त्याने पाहिली. त्याला राक्षस नको झाला. मामी घाबरली, शेजारणी कुजबुजल्या. मामाने मात्र फार विचार केला नाही. "माझो जल्म गेलो राक्षस जावन," तो म्हणाला. "चेडवाक नायिका जावंदे."

त्या सिनेमाचा हिरो सुरेन तेव्हा ऐन भरात होता. त्याचे आधीचे सिनेमे चाललेले, न्हाव्याच्या दुकानात त्याचे फोटो, पोरं त्याच्यासारखी मान वाकडी करून चालायची. मडगावच्या मोठ्या घरातला मुलगा. गावात हॉटेल कुठलं? बाकीची माणसं शाळेत उतरली आणि सुरेनला मामाच्या घरातली माडीची खोली दिली. पडद्यावर तो दहा गुंडांना लोळवायचा. मामाच्या घरात त्याला दम्याने जिना चढवत नव्हता. डोंगरावर पळत गाणं म्हणायचं, त्या दृश्यात प्रत्येक वेळी पळून झालं की तो दगडावर डोकं खाली घालून बसायचा आणि छातीतून शिट्टी वाजायची. मामी त्याला अडुळशाचा काढा द्यायची, तो लहान मुलासारखा नाक धरून प्यायचा. बांगड्यातला काटा काढता येत नव्हता. आनंदी काढून द्यायची आणि वर ऐकवायची, "हिरो म्हणे! मांजराक बरां समजता." तो हसायचा. आता लोक मला त्याच्या शौर्याच्या गोष्टी सांगतात. मी ऐकून घेतो.

कंपनीला जनरेटर वाहायला ट्रक पाहिजे होता, रस्ते बंद असल्याने माझ्या मालकाचा ट्रक रिकामाच होता, म्हणून त्याने मला पाठवलं. असा मी तिथे पोचलो. आणि तिथेच मला कळलं की सुरेनचं एका बाईवर मन आहे. ती आनंदी नव्हे. ती मडगावकडच्या साष्टीतली एक टीचर, ख्रिस्ती, सुरेनपेक्षा थोडी मोठी. नाव मी लिहिणार नाही, गावही नाही. रविवारी ती तीन बस बदलून यायची, छत्री आणि पिशवी घेऊन, पिशवीत डबा भरून दोदोल, नारळाच्या रसाची गुळातली मिठाई. सुरेनच्या घरी कळलं असतं तर त्यांनी त्याला उभा कापला असता, आणि तिच्या घरच्यांनी तिला. गावात दोघांना बसायला जागा कुठे? माझा ट्रक नदीच्या कडेला उभा असायचा. त्या लाल मातीच्या ट्रककडे कोणी बघत नसे. ती दोघं केबिनमध्ये बसायची, बोलायची, दोदोल खायची, आणि मी आणि आनंदी रस्त्याच्या मोरीवर बसून राखण करायचो. कोणी आलं तर आनंदीने म्हशीला हाक मारायची, असं ठरलेलं. म्हैस बिचारी दर रविवारी उगाच धावत यायची. असं राखण करता करता माझंही काम झालं. एकदा आनंदी दोदोलाचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "तेंचा काय जावचा नाय. आमचां जातलां." मी विचारलं, "काय जातलां?" ती म्हणाली, "डोस्क्यात पण खाणीची माती भरली काय रे तुझ्या?" आमचं ठरलं ते एवढंच. सुरेनने मात्र तिच्याकडून शपथ घेतली होती, टीचरचं नाव कोणाजवळ काढायचं नाही म्हणून. आनंदीने ती शपथ मनावर घेतली. ती सगळंच मनावर घ्यायची.

आता लग्नाचं. सिनेमात नायक-नायिकेचं लग्न होतं, आणि डायरेक्टरला सगळं खरं पाहिजे होतं. खरं देऊळ, खरा भट, खरा होम, आणि बघ्यांची गर्दी म्हणून खरा गाव. गावाला दुपारचं जेवण ठेवलेलं, त्यामुळे झाडून सगळे आले, मराठीवाले पहिल्या पंक्तीत. आमच्याकडे शुभकार्याआधी गुरव देवासमोर गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाला नावागावासकट सांगतो की आज अमुक अमुक करतो आहोत, सांभाळून घे. आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. डायरेक्टरला ते फार आवडलं. "हे घ्यायचंच," म्हणाला. गुरव होता बाबलो, सरळ म्हातारा माणूस. त्याने विचारलं, "नावां खयची घेव?"

"मोहन आणि लता. गोष्टीतली."

"मोहन कोण? लता कोण? आमच्या गावात अशीं कोण नाय. देवाक खोटां नाव सांगान मी घराकडे जातलंय कसो?"

डायरेक्टर उन्हाने वैतागला होता. "काका, तुम्हाला हवं ते बोला. आवाज आम्ही नंतर भरतो."

त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पण बाबलोला आवाज नंतर भरतात हे काय माहीत? त्याच्या लेखी आवाज तोंडातून निघाला की देवाने ऐकला. त्याने हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं: भिकाजीचं चेडू आनंदी आणि मडगावचा सुरेन, यांचं लगीन आज तुझ्या दारात होतंय, यांची जोडी अखंड ठेव रे महाराजा. आणि अख्खा गाव, जेवणाच्या आशेने भरल्या गळ्याने, "व्हय महाराजा!" सुरेनने आनंदीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं. होमाच्या धुराने त्याला खोकल्याची उबळ आली, आनंदी त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागली, आणि डायरेक्टर ओरडला, "कट!" लगेच कंपनीचा सामान सांभाळणारा माणूस आला, तिच्या गळ्यातून मंगळसूत्र काढलं आणि पत्र्याच्या डब्यात टाकून घेऊन गेला. मी जनरेटरजवळ उभा होतो. मला त्यात काहीच वाटलं नाही. जेवणात सगळ्या भाज्यांचं खतखतं होतं, ते चांगलं झालं होतं, एवढं आठवतं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे म्हापशाला बघायला गेलो. मराठीवाले, कोंकणीवाले, सगळे एकाच रांगेत, तिकिटासाठी एकमेकांचे पाय तुडवत. आनंदी पडद्यावर आली, तोंड उघडलं, आणि आवाज दुसरीचाच. नाजूक, मडगावच्या बाजूचा, मधात बुडवल्यासारखा. तिची पेडण्याची बोली त्यांना चालली नव्हती, म्हणून कोणा दुसऱ्या मुलीकडून बोलून घेतलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती माझ्या शेजारी ताठ बसून राहिली, आणि मग अंधारात तिच्या खऱ्या आवाजात म्हणाली, "अगो बाये! मी खय गेलंय?" चार रांगा हसल्या. तीही हसली. पण पुढे कंपनीने दोनदा माणूस पाठवला तेव्हा ती गेली नाही. "माझो आवाज नाका तर माझां तोंड कित्याक?" असं तिने त्या माणसाला दारातच सांगितलं. अजून लोक त्या सिनेमातली तिची वाक्यं त्या नाजूक आवाजात म्हणतात. मी चाळीसएक वर्षं तिच्याबरोबर राहिलो, तो आवाज आमच्या घरात एकदाही ऐकला नाही.

सिनेमा अजून थेटरात चालूच होता आणि सुरेन गेला. मोटारसायकल घसरली, साष्टीतल्या आतल्या रस्त्यावर, जो रस्ता पेडण्याला येतच नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच, की तो आनंदीला भेटायला निघाला होता. कंपनीच्या गाडीने तिला मडगावला नेलं, मामाबरोबर मीही गेलो. गर्दी एवढी की घराच्या फाटकातून आत जाता येईना. अनोळखी बायका आनंदीच्या गळ्यात पडून रडत होत्या. तीही रडत होती, खोटं कशाला सांगू, मीही रडलो. पण मध्येच तिचं रडणं थांबलं आणि ती बाजूला बघत राहिली. मी त्या दिशेला पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन टीचर उभी होती, दुकानात काही घ्यायला आल्यासारखी. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. ती आत येऊ शकत नव्हती. आनंदीने एक पाऊल तिकडे टाकलं, तशी टीचरने हळूच मान हलवली, नको. फोटो काढणाऱ्याने नेमका तेव्हाच आनंदीचा फोटो काढला. तो फोटो अजून छापतात. खाली लिहितात की ती त्याच्या आत्म्याकडे बघते आहे.

गावी परत आल्यावर पहिल्यांदा मामीच्या लक्षात आलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं आनंदीला आलं नाही. मग एका लग्नात ती ओटी भरायला पुढे झाली तर नवरीच्या आत्याने ताट मागे ओढलं. कोणी वाईट बोललं नाही, उलट सगळ्यांच्या डोळ्यांत कणव. "गरीब गो चेडू," म्हणायच्या. देवाला सांगून झालेलं लग्न, गावाने व्हय म्हटलेलं, आणि नवरा मेला. म्हणजे ही कोण? ते नाव कोणी तोंडावर घेतलं नाही एवढंच. सिनेमा बघून येणारी बाहेरची माणसं तर तिच्या पाया पडायची. पुण्याहून एक जोडपं आलं होतं. तिच्या कपाळावर कुंकू बघून बाई खिन्न झाली. आनंदी म्हणाली, "माझां कपाळ, माझां कुंकू. तुमका चाय व्हयी तर बसा."

मी घरी आयेला सांगितलं की मी आनंदीशी लग्न करणार. माझी आये म्हणजे भिकूमामाची सख्खी बहीण, त्या गावची लेक. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "भाची म्हणून तिका मी जल्मभर पोसतलंय," ती म्हणाली. "सून म्हणून नाय. तुका काय जालां तर? देवान ऐकलेलां आसा रे." आये दुष्ट नव्हती. ती घाबरली होती. मी म्हटलं, "मग देवाकच इचारूया." रागाच्या भरात बोललो, पण बोललो ते धरून ठेवलं. मामाला सांगितलं, आनंदीला सांगितलं. आनंदी म्हणाली, "चल. पण थंय मीच बोलतलंय, तू नाय."

कौल लावायचा म्हणजे देवाच्या मूर्तीवर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवीकडे आणि डावीकडे, आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोमवारी सकाळी देवळात गाव जमला. आये सर्वणहून माझ्याबरोबर आली. बाबलो गुरवाने पाकळ्या लावल्या. आपल्याच तोंडाने हे झालं, म्हणून सगळ्यांत जास्त तोच खचला होता. त्याने विचारलं, हिला मोकळी करतोस काय रे महाराजा? आणि आम्ही वाट बघत बसलो. पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. ऊन मंडपात आलं, म्हाताऱ्यांना पेंग आली, बायका पंख्याने वारा घ्यायला लागल्या. शेवटी गावकारांतला, म्हणजे गावच्या मानकऱ्यांतला मोठा, दत्ता गावकार, म्हणाला, "देव बोलना नाय म्हणजे चेडू कायतरी लपयता. त्या पोराच्या मनात कोण होतां? तुमच्यात काय होतां? सगळां सांग, मगे देव बोलतलो."

त्या क्षणी एका नावाने सगळं संपलं असतं. त्याचं मन दुसरीवर होतं, ती अमुक गावची, अमुक शाळेतली, एवढं बोलली असती तर गावाने तिला तिथल्या तिथे सोडली असती. बोलायला जीभ माझ्याही तोंडात होती. मी उठू लागलो. आनंदीने माझ्याकडे असं बघितलं की मी परत बसलो. मग ती उभी राहिली आणि त्या जाड्या आवाजात, म्हशीला हाक मारायच्या आवाजात, बोलली.

"तेच्या मनात कोण होतां ता तेच्यावांगडा गेलां. तुमका त्याच्याशी काय करूचा आसा? माझां इचारा. मी नाटक केलां. ह्याच मंडपासमोर माझो बापूय दर जत्रेक मरता. नाटकाच्या आधी हो बाबलोमामाच गाऱ्हाणां घालता, भिकाजी राक्षस जाता म्हणून, आणि तुम्ही सगळे व्हय म्हणतास. माझ्या आवशीन कितीदा बांगड्यो फोडल्यो? सांगा. गावान कितीदा सुतक पाळलां?"

दत्ता गावकार म्हणाला, "ता वेगळां. ता नाटक."

तेव्हा मामा उठला. तोवर तो खांबाला टेकून बसला होता. नाटकवाल्याचं पोट गावावर, गावाशी वाकडं घेऊन त्याला चालणार नव्हतं. त्याने काल्यात येतो तसा पाय आपटला आणि डोळे मोठे केले. "ता वेगळां कशां? ती खोटी बायल खरी जाली तर मी पण खरोच मेलंय. मगे गेली तीस वर्सां माझ्या घरात पेज कोण जेवता? भूत? दत्ता, तू तर माझ्याकडसून नारळ सोलून घेतस. भुताकडसून घेतस?" आणि आयेकडे वळून, "आणि तू गो ताये? एकच भाव तुझो. इतक्यांदा मेलंय, एक दीस तरी रडलंस?"

आये फुटली. म्हणजे हसली. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते, आणि मग तो हसण्याचा आवाज बाहेर आला. तिच्या माहेरचाच आवाज, आनंदीसारखा. तिच्याबरोबर बायका, बायकांबरोबर पुरुष. दत्ता गावकाराने मिशीवरून हात फिरवला, पण तोही हसत होता. एकटा बाबलो हसला नाही. त्याने डोळे पुसले, देवाकडे तोंड केलं आणि हात जोडून परत गाऱ्हाणं घातलं. नाटकाचं होतं ते नाटकात राहू दे, माझ्या तोंडाची चूक माझ्या पदरात घाल, आणि चेडवाला तिच्या वाटेने जाऊ दे रे महाराजा. सुरुवातीला "व्हय महाराजा" दोन-चार तोंडांतूनच आलं. त्यांतलं एक आयेचं होतं. दुसऱ्या वेळी सगळ्यांचं आलं. पाकळी पडली नाही. आता लोक सांगतात उजवी पडली म्हणून. मी तिथे होतो. संध्याकाळी दिवाबत्तीला बाबलोने दोन्ही पाकळ्या हाताने काढल्या.

डिचोलीला रजिस्टरवर सह्या केल्या आणि सर्वणला अंगणात लग्न झालं. देवळात करायला गाव तयार नव्हता, तेवढं अंतर त्यांनी ठेवलंच. आयेने ओवाळलं. पुढचं सगळं साधं आहे. तीन मुलं, खाणी चालू होत्या तोवर ट्रक, खाणी बंद पडल्यावर भाजीचा मळा. एकदा, मुलं मोठी झाल्यावर, मी तिला विचारलं, सुरेन तुला आवडायचा काय? ती तांदूळ धूत होती. "आवडायचो," म्हणाली. "तुझो ट्रकय आवडायचो माका. आता लाकडां घाल, आदण गेलां खाली." तेवढंच. गेल्या वर्षी ती गेली. साखरेने आधी पाय नेला, मग तिला नेलं. पेपरात आलं की सुरेनच्या आठवणीत आयुष्य काढलेली नायिका गेली. बाराव्याला एक म्हातारी बाई आली, सुनेचा हात धरून. मी लगेच ओळखली. ती बराच वेळ आनंदीच्या फोटोसमोर बसली आणि जाताना माझा हात धरून म्हणाली, "म्हजें वजें तिणें व्हेलें. आतां तूं बरय. फकत म्हजें नांव नाका." म्हणजे माझं ओझं तिने वाहिलं, आता तू लिही, फक्त माझं नाव नको. म्हणून टीचरचं लिहिलं आणि नाव नाही लिहिलं. रोज सकाळी पेज मी करतो. खाली लागते. मिरचीशिवाय जेवतो.

परवा दोन मुलगे आले. सुरेनच्या नावाने सोहळा करणारी कमिटी आहे, तिकडचे. चांगली, नम्र मुलं. मोठा बॅनर करायचा आहे, त्यावर सुरेन आणि आनंदी. तिचा नंतरच्या वयातला फोटो पाहिजे, एकटीचा. मी ट्रंक उघडली. एकटीचा एकही नाही. थोरलीच्या लग्नातला एक चांगला आहे. ती खुर्चीत बसली आहे, चष्मा, तोंड उघडं, काहीतरी ओरडते आहे कोणाला तरी, आणि मी मागे उभा. तो दिला. मुलाने बघितला आणि म्हणाला, "काका, हा चालेल. तुम्हाला कापून काढू, आता कॉम्प्युटरवर सोपं असतं. कळणार पण नाही."

मी फोटो त्याच्या हातातून परत घेतला. "कापूचा नाय," मी म्हटलं. "न्यायचा तर दोघांका न्या."

"पण काका, लोक विचारतील ना, मागे हा कोण उभा आहे म्हणून."

"इचारूंदे," मी म्हटलं, आणि फोटो परत त्याच्यासमोर धरला. "तेवढ्यासाठीच देतंय."